एका प्रश्नाचे ऋण: आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरांस जाहीर आभारपत्र

आदरणीय सिस्टर,
सादर नमस्कार.

गेल्या आषाढात आमच्या पडवीत बसताच आपण आईला विचारलेत, "महिनाभरात नवी गोळी कोणती सुरू झाली?" त्या प्रश्नाचे ऋण मान्य करण्यासाठी हे पत्र.

चेहऱ्याच्या नसेतून उठणाऱ्या कळांसाठी आईला कार्बामाझेपिन सुरू होऊन तेव्हा १७ दिवस झाले होते आणि कळा थांबल्या होत्या, त्यामुळे गोळीचा संशय आम्हाला शिवलाही नाही. ताप आणि लाल डोळे पावसाळी सर्दीच्या खाती गेले. अंगावर चट्टे उठले तेव्हा शेजारच्या काकूंनी सुक्या बांगड्याला दोष देऊन आमसुलाचा कोळ लावला, आणि त्या सकाळची गोळीही मीच माझ्या हाताने आईला दिली. आपण तिला तोंड उघडायला लावून आतले फोड पाहिलेत आणि म्हणालात, "पित्ताच्या गांधी खाजतात, हे चट्टे दुखताहेत, आणि पित्ताने तोंड असे सोलत नाही." मनगटावरची बांगडी आपण जराशी वर सारलीत, तर तिच्याखालची कातडी ओल्या कागदासारखी सुटून आली.

गोळी तिथेच बंद झाली. सगळी पाकिटे आपण पिशवीत घालून दिलीत आणि भर पावसात फोंडा घाटातून आम्ही कोल्हापूर गाठले. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हे नाव तिथे कळले. १९२२ साली दोन अमेरिकी डॉक्टरांनी वर्णन केलेला हा विकार बहुधा औषध सुरू झाल्यावर ४ ते २८ दिवसांत उद्भवतो. कातडी ३० टक्क्यांहून अधिक सुटली तर त्याचे फार घातक रूप होते. आईची १० टक्क्यांच्या आत थांबली. जखमांना चादर चिकटू नये म्हणून तिला निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांवर निजवले होते, बोलता येऊ लागल्यावर ती म्हणाली, "मला पानावर वाढली होती."

ज्या डॉक्टरांनी गोळी लिहिली त्यांची निवड चुकली असे मी म्हणणार नाही, कारण त्या दुखण्यावर हेच औषध देतात. पण ताप, पुरळ किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून ताबडतोब या, एवढे एक वाक्य ना त्यांनी सांगितले, ना औषधाच्या दुकानात कुणी. ते माझ्या मनातून जात नाही.

आपण मात्र नंतरही आलात. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा अर्ज भरून घेतलात, आणि पुन्हा कधी देऊ नयेत अशा औषधांचे, म्हणजे कार्बामाझेपिनबरोबरच त्या गोळीशी साधर्म्य असलेल्या फेनिटॉइन व फेनोबार्बिटल यांची नावे असलेले, कार्ड आईला दिलेत. डोळ्यांचा कोरडेपणा अजून आहे, दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागतात. कार्ड तिच्या पानाच्या चंचीत असते. खोकल्याचे साधे औषध आणले तरी ती ते बाहेर काढते, आणि माझ्या हातची गोळी घेण्यापूर्वी मला पाकिटावरचे नाव मोठ्याने वाचायला लावते.

आपला कृतज्ञ,
देवगड तालुक्यातील एक मुलगा