जर्मनीत थीसिससाठीही अर्ज करावा लागतो

संपादक महोदय,

आपल्या शिक्षण पुरवणीत जर्मनीतील उच्च शिक्षणावर आलेला लेख वाचला. सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो झालेल्या ब्लॉक्ड अकाउंटपासून (व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायचे खाते) व्हिसाच्या कागदपत्रांपर्यंत सगळे त्यात आहे. पण लेख मुलांना विमानात बसवून देतो आणि थांबतो. इथे म्युनिकमध्ये मी पाहतो, ती मुले अडकतात मास्टर्सच्या शेवटच्या टप्प्यात. थीसिसचा विषय काही केल्या मिळत नाही.

इथला मास्टर्स सहसा १२० क्रेडिटचा असतो आणि कॉम्प्युटर सायन्समध्ये त्यातले ३० बहुतेक ठिकाणी एकट्या थीसिसचे. म्हणजे सहा महिने आणि एकट्याचे काम. आपल्याकडे बीईला चौघांचा ग्रुप होतो, एक जण कोड लिहितो, दुसरा पीपीटी करतो, गाइड कॉलेज नेमून देते आणि शेवटी ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, बांधून व्हायवाला नेले की सुटका. तयार प्रोजेक्ट ब्लॅक बुकासकट विकत मिळतात, हेही काही गुपित राहिलेले नाही. त्या सवयीने आलेला मुलगा विभागातून विषय येण्याची वाट पाहत बसतो.

तसा विषय कधी येत नाही. प्रत्येक प्राध्यापकाचा संशोधन गट आपल्या संकेतस्थळावर रिकाम्या विषयांची यादी लावतो आणि विषयाखाली बहुधा एखाद्या पीएचडी संशोधकाचे नाव असते. मार्गदर्शन प्रत्यक्षात तोच करणार, म्हणून अर्जही त्यालाच करायचा: गुणपत्रक, बायोडेटा, कोणते विषय शिकलो, कधीपासून सुरू करू शकतो आणि हाच विषय का. काही विषय यादीवर येतच नाहीत. त्या गटाचा सेमिनार, म्हणजे शोधनिबंध वाचून त्यावर सादरीकरण करण्याचा अभ्यासक्रम, आदल्या सत्रात ज्यांनी मन लावून केला, त्यांच्याकडे ते परस्पर जातात. त्यामुळे विषयाची शोधाशोध खरे तर सेमिनार निवडतानाच सुरू होते.

आमच्या कंपनीत थीसिससाठी येणारे अर्ज मी वाचतो. आपल्या मुलांच्या अर्जांत एक वाक्य हमखास असते, ‘कोणताही विषय चालेल, मी खूप मेहनती आहे’. यात नम्रता असते, मला कळते. वाचणारा मात्र एवढाच अर्थ काढतो की याने एकही विषय नीट वाचलेला नाही. तेच पत्र एकाच विद्यापीठातल्या दहा जणांना गेले, तर ते त्यांना जेवणाच्या टेबलावर कळतेच.

‘एआय वापरून टेस्टिंग’ हा विषय नव्हे. विषय केवढा छोटा असतो पाहा. डिफेक्ट्सफोरजे नावाचा, जावा प्रोग्राममधल्या खऱ्याखुऱ्या दोषांचा एक खुला संग्रह आहे. २०१५ मध्ये काही संशोधकांनी त्यातल्या ३५७ दोषांवर आपोआप टेस्ट, म्हणजे प्रोग्राम नीट चालतो का हे तपासणारे छोटे कोड, लिहिणारी तीन साधने चालवली. प्रश्न एकच: या टेस्टना खरे दोष सापडतात का? तिन्ही मिळून ५५.७ टक्के सापडले. आता हाच प्रश्न चॅटजीपीटीसारख्या मॉडेलने लिहिलेल्या टेस्टबद्दल विचारता येतो. पण हा संग्रह २०१४ पासून सर्वांसमोर उघडा आहे. मॉडेलने शिकतानाच तो पाहिला असेल, तर निकालावर विश्वास कसा ठेवायचा? एवढी शंका ज्याने अर्जात दोन ओळींत लिहिली, त्याला भेटायला बोलावतात. सीजीपीए थोडा कमी असला तरी.

कंपनीत थीसिस करण्याची ओढ अनेकांना असते, नोकरीची आशा म्हणून ती रास्तच आहे. फक्त परीक्षक विद्यापीठाचाच लागतो, आणि सगळे प्राध्यापक बाहेरून आणलेला विषय घेत नाहीत. आधी कंपनीशी करार आणि मग प्राध्यापकाचा शोध, हा उलटा क्रम फार महाग पडतो. गोपनीयतेच्या अटीही सही करण्यापूर्वी प्राध्यापकाला दाखवाव्यात.

पुण्यातल्या मुलांना तर ही तयारी घरूनच करता येईल. प्रोग्राम बरोबर आहे की नाही हे आपोआप पडताळणाऱ्या साधनांची एसव्ही-कॉम्प ही स्पर्धा २०१२ पासून दरवर्षी होते. तिचे आयोजक डिर्क बायर इथल्याच एलएमयू विद्यापीठात प्राध्यापक आहेत, आणि पुण्याच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रात बनलेले व्हेरिअॅब्स हे साधन तिच्यात उतरलेले आहे. स्पर्धेतले प्रोग्राम आणि निकाल सगळ्यांना खुले आहेत. कोणते साधन कुठे चुकले, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलालाही घरी चालवून बघता येते. निव्वळ आयईएलटीएसच्या क्लासला जाणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

अजून एक. विषय मिळाला की लगेच विद्यापीठात थीसिसच्या नोंदणीची घाई करू नये. आधी दोन-चार पानांचा आराखडा मार्गदर्शकाकडून पक्का करून घ्यावा, कारण नोंदणीच्या तारखेपासून मुदत मोजली जाते आणि आजारपणासारख्या सबळ कारणाशिवाय ती सहसा वाढत नाही.

पुढच्या पुरवणीत प्रवेशाइतकीच जागा या टप्प्यालाही द्यावी, ही विनंती. एखादा मंजूर झालेला आराखडा, विद्यार्थ्याच्या परवानगीने, मराठीत छापता आला तर फारच उत्तम.

आपला,
एक वाचक, म्युनिक