मा. शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: तिसरीतल्या पोरांना परफ्यूम कशाला?

मा. शिक्षणमंत्री, गोवा राज्य,

साहेब, नमस्कार. माझं फोंड्याला कॉस्मेटिक आणि जनरल स्टोअर आहे आणि परफ्यूम हा माझा बऱ्यापैकी खपणारा माल आहे. हे आधीच सांगतो, नाहीतर खाली कमेंटमधे कोणीतरी लिहिणारच की आला संस्कृतिरक्षक. मला माल विकायचाच आहे हो. फक्त कोणाला विकायचा ते एकदा ठरू दे.

शाळा सुरू व्हायच्या टायमाला, म्हणजे पूर्वी जूनमधे आणि २०२५ पासून सहावीच्या पुढचे बरेच वर्ग एप्रिलातच भरायला लागले तेव्हापासून त्याही आधी, दप्तर छत्रीवाल्या गिऱ्हाइकांबरोबर हल्ली एक मागणी हमखास असते, "शाळेत लावायला काहीतरी दाखवा ना, याच्यासाठी." आणि हा म्हणजे कोण तर काउंटरच्या पलीकडून ज्याचे फक्त केस दिसतात तो. वर्गात सगळ्यांकडे आहे म्हणे. मी टेस्टर पुढे करायच्या आत पोराने दोन फवारे शर्टावर आणि एक स्वतःच्याच तोंडावर मारलेला असतो, डोळे चोळत उभा, आणि आई कौतुकाने बघतेय. काही घरांत तर विकत घ्यायचीसुद्धा गरज नाही, गल्फातून नाहीतर बोटीवरून मामा आला की चॉकलेटबरोबर एक बाटली भाच्याच्या नावाची असतेच.

आता साधी गोष्ट आहे, लहान मुलाच्या घामाला मोठ्या माणसासारखा वास येतच नाही. काखेतल्या ज्या ग्रंथींमुळे तो वास येतो त्या वयात येतानाच कामाला लागतात. त्याआधी मूल मैदानात कितीही लोळलं तरी तो घाम म्हणजे खारं पाणी, आंघोळ घातली की संपलं. उलट मुलीला आठच्या आत किंवा मुलाला नऊच्या आत तसा वास यायला लागला तर डिओ मारून तो दाबायचा नसतो, डॉक्टरांना दाखवायचं असतं. म्हणजे तिसरीतल्या पोराला आपण ज्या गोष्टीवर उपाय विकतोय ती गोष्टच त्याच्याकडे नाही. धंद्याच्या दृष्टीने भारीच म्हणा.

बाटलीत असतं काय? बहुतेक परफ्यूममधे सगळ्यात जास्त अल्कोहोल असतं, बऱ्याचदा ७० ते ९० टक्के. मोठ्यांच्या अंगावर ते उडून जातं, पण लहान पोराने चव बघायला घोटभर घेतलं तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते, आणि गुलाबी कार्टूनवाली बाटली बघून चव बघावीशी वाटणारच. राहिला तो वासाचा भाग. युरोपात २००३ मधे नियम झाला की ॲलर्जी करणारे २६ घटक ठराविक प्रमाणाच्या वर असले तर लेबलावर नावानिशी लिहायचे, २०२३ मधे ती यादी वाढवून ८० च्या पुढे नेली. लिलिअल नावाचा एक वास तर १ मार्च २०२२ पासून तिकडे बंदच केला, प्रजननावर परिणाम होतो म्हणून. माझ्या शेल्फवर युरोपातून आलेल्या बाटलीवर लिनालूल, लिमोनीन अशी नावं वाचता येतात, आणि शेजारच्या स्वस्त बाटलीवर फ्रॅग्रन्स एवढा एकच शब्द. आत काय आहे ते मला माहीत नाही, गिऱ्हाइकाला तर नाहीच. जत्रेत नाहीतर फेस्ताच्या फेरीत (चर्चच्या सणाला भरणाऱ्या बाजारात) खेळण्यांच्या मेकअप किटमधे ज्या चिमुकल्या बाटल्या येतात त्यांच्यावर तर तेवढाही शब्द नसतो कधीकधी.

आणि वासाची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, मग साबण शांपू सगळंच बघून घ्यावं लागतं. पोराची कातडी पातळ असते, वजनाच्या मानाने अंग मोठं असतं, मग ही सुरुवात जितकी उशिरा तितकी बरी ना?

पण मला खरं बोलायचंय ते बालरथाबद्दल, म्हणजे सरकारी योजनेतल्या शाळेच्या बसबद्दल. माझी मुलगी बालरथाने जाते. पावसात काचा बंद, ओले रेनकोट, आणि मागच्या सीटवर मोठ्या मुलांची डिओची मारामारी सुरू होते, एकाने दुसऱ्यावर फवारा मारायचा, दुसऱ्याने तिसऱ्याच्या दप्तरावर. तिच्याच बसमधे दम्याचं एक पोर आहे, गेल्या पावसात त्याला असा खोकला लागला की ड्रायव्हरला रस्त्याकडेला गाडी थांबवावी लागली आणि अटेंडंटबाई त्याला खाली उतरवून छत्री धरून उभ्या राहिल्या, पंप दप्तरात सगळ्यात खाली. शाळेला सांगितलं तर म्हणाले आमच्याकडे असा नियम नाही. बरं, त्या डिओच्या डब्यात ब्युटेन, प्रोपेन असतं, तोच घरच्या सिलिंडरमधला गॅस, बंद गाडीत ते फवारणं म्हणजे नुसता खोकल्याचा प्रश्न नाही.

लगेच कोणी म्हणेल आमच्याकडे पोरी पहिल्यापासून जायांची माळ घालतात, सुरंगीचे वळेसर म्हणजे गजरे घालतात, म्हार्दोळला जायांच्या पूजेला तर अख्खा गाव घमघमतो, ते चालतं मग हेच का नाही. फुलांनीही कोणाला शिंका येतात, मान्य. पण फूल संध्याकाळी कोमेजतं, शर्टाला दोन दिवस चिकटून बसत नाही आणि ते कोणी दुसऱ्याच्या डोळ्यात फवारत नाही.

सरसकट बंदी नको साहेब. बंदी आली की ही पोरं बाटली सॉक्समधे लपवून आणणार. आणि वयाचा एकच आकडाही नको, कारण पाचवीतल्या एखाद्या मुलीला घामाचा त्रास लवकर सुरू होतो, तिला वर्गात कोणी नाक मुरडू नये, तिला बिनवासाचा रोल-ऑन वापरू द्या, सुती गणवेश द्या, शाळेच्या बाथरूममधे पाणी द्या (हे शेवटचं जमलं तरी निम्मा प्रश्न सुटेल). माझ्या मते चौथीपर्यंत काहीच नको. त्यानंतर लग्नकार्याला, गणपतीच्या चवथीला कपड्यांवर थोडंसं मारलं तर ठीक, आणि सातवी आठवीपासून ज्याला गरज आहे त्याने घरून लावून यावं, पण परफ्यूमची बाटली आणि डिओचा डबा शाळेत किंवा बालरथात आणायचाच नाही, शिक्षकांनीसुद्धा. एवढं एका परिपत्रकात बसतं. आणि ते खेळण्यातल्या परफ्यूमचं तेवढं आरोग्यमंत्र्यांच्या कानावर घाला, अन्न आणि औषध प्रशासनाने फेरीत एक चक्कर मारली तरी पुरे. माझ्या दुकानातही या, मी स्वतः दाखवतो कुठल्या बाटलीवर काय लिहिलंय आणि काय नाही.

परिपत्रक काढाल तेव्हा मराठीत आणि कोंकणीत काढा आणि एका पानाचं काढा. इंग्लिश पीडीएफ पालकांच्या ग्रुपवर पडतं आणि खाली नुसते हात जोडलेले इमोजी येतात.

आपला,
फोंड्यातला एक दुकानदार आणि पालक