करारावर नाव कुणाचं?

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सिटकॉमचा पहिला भाग वाचला. संवाद झकास जमलेत. पण न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये, दोन बेडरूमच्या ऐसपैस घरात एक वेट्रेस आणि एक होतकरू नट राहतात, आणि भाड्याचं काय, तर ‘भागवतात कसंतरी’! तिथे घोडं अडतं. त्यांचे पगार वाढवून उपयोग नाही, मग ती पात्रंच बदलतील. त्या शहरात स्वस्त घर टिकतं ते भाडेकरारावर कुणाचं नाव आहे आणि कधीपासून आहे यावर. तुझं कथानकही तिथूनच निघू शकेल.

‘फ्रेंड्स’ या मालिकेनं (१९९४ ते २००४) नेमकी हीच पळवाट काढली होती. मोनिकाचं ते जांभळ्या भिंतींचं घर आजीच्या नावावर, रेंट कंट्रोलमधलं, म्हणजे कायद्यानं भाड्यावर मर्यादा असलेलं. चौथ्या सीझनमध्ये इमारतीचा सुपरिटेंडंट ट्रीगर तिला बेकायदा पोटभाडेकरू ठरवून बाहेर काढायची धमकी देतो आणि त्याला शांत करायला तिचा नट मित्र जोई याला त्याच्यासोबत बॉलरूम डान्सचा सराव करावा लागतो. विनोद म्हणून छान. पण कायद्यानं मोनिकाला एक सरळ रस्ताही असू शकला असता, आणि तो तुझ्या कामाचा आहे.

रेंट कंट्रोल लागू होतं ते १ फेब्रुवारी १९४७ पूर्वी बांधलेल्या इमारतीत, आणि तेही भाडेकरू १ जुलै १९७१ च्या आधीपासून सलग राहत असेल तरच. मूळ भाडेकरू वारला किंवा कायमचा निघून गेला, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला ते घर त्याच संरक्षणासह मिळतं. नातवंडं त्यात येतात. अट अशी: निघून जाण्याच्या लगेच आधीची किमान दोन वर्षं दोघं त्याच घरात एकत्र राहिलेले असले पाहिजेत, आणि ते त्या नातवाचं मुख्य घर असलं पाहिजे. ज्येष्ठ किंवा अपंग वारसाला एकच वर्ष पुरतं. पुरावा कागदोपत्री लागतो: त्या पत्त्यावरची करविवरणपत्रं, बँकेची पत्रकं, मतदार नोंदणी, वाहन परवाना. शेजाऱ्यांची साक्ष नुसती तोंडी लावण्यापुरती.

लोक फसतात ते कुठे, ते बघ. आजी फ्लोरिडाला जाते, पण करार तिच्याच नावानं चालू ठेवतात, भाड्याचा चेकही तिच्याच सहीचा. त्यातून कागदावर असं दिसतं की आजी गेलेलीच नाही, म्हणजे वारसा हक्क सुरूच झालेला नाही. शिवाय घरमालक उलट दावा लावू शकतो की हे आजीचं मुख्य घर उरलेलं नाही. वर्षात १८३ दिवसांपेक्षा कमी मुक्काम ही त्यात मालकाच्या बाजूची मोठी खूण धरतात. गप्प राहून घर वाचवू म्हणणारे असे दोन्हीकडून अडकतात. तुझ्या नायिकेनं हेच केलेलं असू दे, पहिल्या सीझनभर पुरेल.

मात्र तुझी गोष्ट आजच्या काळातली आहे, आणि रेंट कंट्रोलची घरं आता फारच थोडी उरलीत. म्हणून तिचं घर रेंट स्टॅबिलायझेशनमधलं दाखव. ही घरं शहरात दहा लाखांच्या आसपास आहेत, मुख्यतः १९७४ पूर्वीच्या, सहा किंवा अधिक घरांच्या इमारतींत. तिथे दरवर्षी भाडं किती वाढवता येईल हे रेंट गाइडलाइन्स बोर्ड ठरवतं, करार वाढवून मिळण्याचा हक्क असतो, आणि वारसाचा दोन वर्षांचा नियम इथेही तसाच. २०१९ च्या कायद्यानं आणखी एक दार बंद केलं: घर रिकामं झालं आणि भाडं ठरावीक रकमेपुढे गेलं की ते नियंत्रणातून बाहेर काढायची मालकांची सोय गेली. आपलं घर या यादीत आहे का, हे कळायला भाडेकरू राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडून भाड्याचा जुना इतिहास मागवतो. फुकट मिळतो, टपालानं येतो. ते पाकीट चुकून रूममेटनं फोडलं, तर प्रसंग आपोआप तयार.

आता पैशांकडे. घर नियंत्रणातलं नसेल, तर मालकाचा ठोकताळा असा: वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट हवं. कमी पडलं तर जामीन लागतो, आणि त्याचं उत्पन्न ऐंशीपट. ६,००० डॉलर भाडं धरलंस तर दोघांचं मिळून २,४०,००० डॉलर उत्पन्न पाहिजे. वेट्रेसचं आणि नटाचं? सोडून दे. २०२५ मध्ये शहरातलं किमान वेतन तासाला १६.५० डॉलर होतं, पण टिप मिळणाऱ्या वेट्रेसला हॉटेलमालकानं ११ दिले तरी चालत होतं, बाकीचे टिपांतून भरून निघतात असं धरून. आणि टिपा करविवरणपत्रात दाखवल्या नसतील तर घरमालकाच्या लेखी ते उत्पन्नच नाही.

६०,००० डॉलर पगाराच्या अविवाहित माणसाच्या हातात काय पडतं? २०२४ च्या दरांनी केंद्राचा आयकर साधारण ५,२००, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ४,५९०, राज्याचा कर २,७०० च्या आसपास, आणि वर न्यूयॉर्क शहराचा स्वतःचा आयकर १,९०० च्या घरात. हा शेवटचा कर पटकथा लिहिणारे हमखास विसरतात. उरले महिन्याला ३,८०० डॉलर, तेही आरोग्य विम्याचा हप्ता जायच्या आधी. चाळीसपटीच्या नियमानं त्याला १,५०० डॉलरचं घर मिळेल. असे तिघं एकत्र आले तर ४,५०० पर्यंत जाता येतं, म्हणून तुझ्या घरात दोन नव्हे, तीन माणसं हवीत. तिसऱ्यासाठी हॉलमध्ये तात्पुरती भिंत घालतात. त्याला मालकाची परवानगी लागते, आणि खोलीला खिडकी नसेल तर ती झोपायची खोली म्हणून कायदेशीर ठरत नाही. खिडकी एकाच्या वाट्याला, उरलेल्या हॉलला अंधार. भांडण लिहायला हे बरं आहे.

घरात शिरतानाचा खर्चही दाखव. पहिला महिना ४,५०० आणि डिपॉझिट ४,५००. एका महिन्यापेक्षा जास्त डिपॉझिट २०१९ पासून घेता येत नाही. दलाली पूर्वी वार्षिक भाड्याच्या १२ ते १५ टक्के असायची, म्हणजे आणखी ८,१०० पर्यंत. जून २०२५ पासून मालकानं नेमलेल्या दलालाचे पैसे मालकानंच द्यायचे आहेत, म्हणून प्रसंग कोणत्या साली घडतो ते आधी ठरव.

पहिल्या भागात नायिका रूममेटकडून जास्त भाडं घेऊन स्वतः फुकट राहते, ते मात्र सांभाळून. स्टॅबिलाइज्ड घरात रूममेटकडून त्याच्या वाट्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पोटभाड्यानं देताना सामानासकट दिलं तर कायदेशीर भाड्यावर फार तर १० टक्के. नफेखोरी सिद्ध झाली तर घरही जाऊ शकतं. तिला धूर्त दाखवायची असेल तर हा धोका तिला माहीत असू दे.

कॉफीहाउसची काळजी नको. पाच डॉलरचे दोन कप रोज घेतले तरी महिन्याला ३००, वर टिप. घर बुडतं ते विम्याच्या खड्ड्यानं. ‘फ्रेंड्स’मध्येही जोईचं पुरेसं काम झालं नाही म्हणून नटांच्या संघटनेचा आरोग्य विमा जातो, आणि नेमका तेव्हाच त्याला हर्निया होतो. तुझ्या नटाला हे लागू पडेल. मित्रांच्या मिळकतीतली दरी त्या मालिकेत एकदाच नीट आली, दुसऱ्या सीझनमध्ये, महागड्या रेस्टॉरंटचं बिल सगळ्यांत सारखं वाटतात तेव्हा. बाकी रूममेट चँडलरच्या पगारावर जोई किती वर्षं जगला, हे मोजणारे प्रेक्षक आहेत बरं का.

घराचा आकार मात्र अर्थशास्त्रात शोधू नकोस. ‘आय लव्ह लूसी’नं १९५१ मध्ये प्रेक्षकांसमोर तीन फिल्म कॅमेऱ्यांनी चित्रीकरण रूढ केलं, तेव्हापासून सोफा प्रेक्षकांकडे तोंड करून आणि चौथी भिंत गायब. कॅमेरे फिरायला जागा लागते, म्हणून हॉल रुंद. छोट्या घरात सिटकॉम होत नाही असं नाही: १९५५ च्या ‘द हनीमूनर्स’मधला ब्रुकलिनचा बसड्रायव्हर आठवड्याला ६२ डॉलर मिळवतो आणि त्याचं जवळपास सगळं जग एका उघड्याबोडक्या खोलीत आहे. ‘टू ब्रोक गर्ल्स’मध्ये प्रत्येक भागाच्या शेवटी साठलेले पैसे पडद्यावर यायचे. मला ती युक्ती आवडते. तू उलटी कर, भरायचं राहिलेलं भाडं दाखव.

पुढचा मसुदा पाठवताना आजी कोणत्या साली निघून गेली आणि नातीची करविवरणपत्रं कुठल्या पत्त्यावर आहेत, तेवढं समासात लिहून ठेव. त्यावरून ट्रीगरसारखं पात्र लागेल की थेट वकिलाची नोटीस, ते ठरवू.

तुझा,
बाबा