जुळवून घ्या, पण मारहाणीत नाही

महोदय,
मिरजेत आमच्या घराजवळ चर्चच्या मंडळींनी चालवलेलं एक फॅमिली कौन्सेलिंग सेंटर आहे, फी नाही. सुरुवातीला मीच म्हणलं, धर्म मधे आणतील बघ. पण भाऊ-भावजयीला घेऊन तीन-चार वेळा गेलो, कुणी प्रार्थनेला बसा म्हणलं नाही, दोघांचं वेगवेगळं ऐकून घेतलं आणि मग समोरासमोर बसवलं. 1894 पासून मिशन हॉस्पिटल बघितलेल्या गावाला याचं नवल नाही म्हणा. खरी मदत घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई आणि बचत गटाच्या बायकांची, कारण कुठल्या घरात काय चाललंय हे त्यांनाच आधी कळतं, मग त्या हळूच सेंटरचा पत्ता देतात.

एक खटकतं. मारहाण असेल तिथं नुसतं 'जुळवून घ्या' चालत नाही, 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतात, 181 हेल्पलाईन आहे, हे दारावर मोठ्या अक्षरात लावा की! आणि सेंटर फक्त दुपारी उघडं, मग कामावरच्या पुरुषांनी यायचं कधी? महापालिकेनं संध्याकाळी एखादं समाजमंदिर दिलं तरी भागेल.

– एक वाचक, मिरज (जि. सांगली)