नाईनच्या विधवेचा विश्वास कुठे लिहिला आहे?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला येशू आणि बुद्ध यांच्या तुलनेचा लेख वाचला. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सकाळची कामे बाजूला ठेवून हे पत्र लिहायला बसले आहे. लेखकांचा व्यासंग मोठा असेल, मला त्याबद्दल काही म्हणायचे नाही. पण ज्या दोन गोष्टींवर त्यांनी सगळा निवाडा केला, त्या दोन्ही त्यांनी पुरत्या वाचलेल्या नाहीत.

नाईन गावच्या विधवेचा मेलेला मुलगा येशूने उठवला. किसा गोतमीला बुद्धाने मोहरी आणायला पाठवले. एकीकडे चमत्कार, दुसरीकडे विवेक, म्हणून एक धर्म भाबडा आणि दुसरा शहाणा. आणि वर हे की, विश्वास पक्का असेल तर मेलेलाही उठेल, हेच म्हणे ख्रिस्ती सांत्वन!

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायातली ११ ते १७ ही वचने कृपा करून उघडून पाहावीत. त्या बाईच्या विश्वासाबद्दल तिथे एक अक्षर नाही. ती काही मागत नाही, पाया पडत नाही, येशू कोण हे तिला ठाऊक होते असेही लूक लिहीत नाही. प्रेतयात्रा वेशीतून बाहेर पडते आहे, गावचे पुष्कळ लोक बरोबर आहेत, तो समोरून येतो आणि तिला पाहून त्याला कळवळा येतो. रडू नकोस म्हणतो आणि तिरडीला हात लावतो. प्रेताच्या स्पर्शाने माणूस विटाळतो असे यहुद्यांचे नियमशास्त्र सांगत होते, तरी लावतो. मुलगा उठून बसतो तेव्हा त्याला आईच्या हवाली करतो. हे शेवटचे लूकने उगाच लिहिलेले नाही. बायबलच्या जुन्या करारातल्या पहिल्या राजांच्या पुस्तकात, सतराव्या अध्यायात, एलीया संदेष्ट्याने सारफथच्या विधवेचा मुलगा असाच तिच्या हवाली केला होता. नाईनचे लोकही लगेच म्हणतात की आमच्यात मोठा संदेष्टा उदय पावला आहे. विधवेचा एकुलता एक मुलगा जाणे म्हणजे त्या काळी तिचा आधार, तिची भाकर जाणे. देवाने अशा बाईकडे पाहिले, ही ती गोष्ट. मेलेल्यांना उठवण्याची कृती त्यात सांगितलेली नाही.

मला हे इतके का लागले ते सांगते. माझी धाकटी बहीण सिडकोत राहते. तिचा एकुलता एक मुलगा तापाने गेला. दफन झाल्यावर घरी सांत्वनाची प्रार्थना होती. आमचे पाळक बाहेरगावी होते, म्हणून कोणीतरी दुसऱ्याच एका प्रचारकांना घेऊन आले. त्यांनी हाच शास्त्रभाग वाचला आणि भरल्या घरात माझ्या बहिणीकडे वळून म्हणाले, "ताई, नाईनच्या बाईसारखा विश्वास असता तर आज हा दिवस आला नसता." बहीण भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली नाही. त्या दिवसापासून तिने शास्त्र हातात धरले नाही आणि उपासनेलाही ती येत नाही. मी त्या गृहस्थांना दारात गाठून विचारले की तिचा विश्वास कुठल्या वचनात आहे ते दाखवा. त्यांना गाडीची घाई होती.

म्हणून म्हणते, तुमच्या लेखकांनी ज्याची टर उडवली आहे ते शुभवर्तमान नव्हेच. ते त्या प्रचारकांचे शिकवणे आहे, आणि लेखकांनी ते जसेच्या तसे खरे धरले. लूकला दोघांनीही वाचलेले नाही.

त्याच दिवसांत शेजारच्या मावशी रोज येत होत्या. त्यांच्या घरी बुद्धवंदना असते, हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे. त्यांनी बहिणीला एक शब्द उपदेश केला नाही. पहिल्या दिवशी आल्या त्या सरळ ओट्याशी गेल्या, चहाच्या कपांचा ढीग विसळला, भाताला आधण ठेवले. मऊ भातात तूप-मीठ कालवून बहिणीला हाताने भरवले. घास गिळेना तेव्हा एवढेच म्हणाल्या, "माझा पण गेला ना गं. बारावीला होता." बहिणीने तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिले, आणि मग ती रडली. तोवर रडलीही नव्हती.

किसा गोतमीची गोष्ट मला त्या दिवशी कळली. धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या जुन्या भाष्यात, ती सविस्तर आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरते, लोक वेडी म्हणून हसतात. बुद्ध तिला मृत्यू अटळ असल्याचे व्याख्यान देत नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरून मोहरी आण, म्हणतो. मोहरी प्रत्येक घरात असते. पण प्रत्येक दारात कोणी ना कोणी आपले गेलेले माणूस सांगते. दुःख तिला त्या दारांनी समजावले, आणि मग मूल रानात ठेवून ती परत आली. पुढे भिक्खुनी झाली. थेरीगाथेत, म्हणजे भिक्खुनींच्या गाथांच्या संग्रहात, तिच्या नावच्या गाथा आहेत. लेखकांनी तिची ती सगळी पायपीट गाळली आणि खाली एक कोरडा 'विवेक' तेवढा ठेवला. हा माझ्या धर्मावर अन्याय आहे तसाच मावशींच्याही.

आणि येशूही मोहरीचा दाणा म्हणतो, म्हणून ही उचलेगिरी असा जो शोध लावला आहे, त्याला काय म्हणावे? मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला दाणा पेरायचा आहे, त्याचे झाड होते आणि पाखरे येऊन वस्ती करतात. श्रावस्तीत किसा गोतमी शोधते तो दाणा मिळतच नाही, त्याचा अर्थच न मिळण्यात आहे.

फरक नाहीत असे मी म्हणत नाही. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, असे बाबासाहेबांनी स्वच्छ लिहिले. आम्ही येशूला तारणारा म्हणतो. हा भेद मोठा आहे, गोडगोड बोलून तो झाकू नये. पण तो मांडायचा तर दोन्हीकडचे नीट वाचून मांडावा. गुणपत्रिका कशाला?

येशू तरुणपणी भारतात येऊन राहिला, हे लडाखचे प्रकरण तर छापायलाच नको होते. नोटोविच नावाच्या रशियन माणसाने १८९४ साली दावा केला की तसे सांगणारी पोथी आपण लडाखच्या हेमिस मठात पाहिली. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस हेमिसला जाऊन आले, आणि अशी कुठलीही पोथी नाही असे तिथल्या प्रमुख लामांनी सांगितले. संस्कृतचे पंडित मॅक्स म्युलर यांनी आधीच शंका घेतली होती. इतक्या वर्षांनी तेच पुन्हा? येशू बारा वर्षांचा असताना आईबापांबरोबर नासरेथला परतला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, असे लूक लिहितो. मार्कच्या सहाव्या अध्यायात गावकरी म्हणतात, हा तो सुतारच ना? वर्षानुवर्षे परदेशी राहून आलेल्याला गावकरी असे विचारतील का?

आणखी एक. लेखाबरोबर 'त्रिरश्मी लेणी, नाशिक', म्हणजे आपली पांडवलेणी, म्हणून जे छायाचित्र छापले आहे ते कार्ल्याच्या चैत्यगृहाचे आहे. खांबांवरचे हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी सरळ दिसत आहेत. आपल्या नाशिकच्या लेण्यांत चैत्यगृह एकच, अठरा क्रमांकाचे, आणि ते त्या मानाने लहान आहे. नाशिकच्या आवृत्तीत नाशिकचीच लेणी ओळखू येऊ नयेत? तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावी राज्यावर असताना तिने ते लेणे भिक्खूंना दिले आणि आपल्या मुलाचा, गौतमीपुत्राचा, पराक्रम दगडावर कोरून ठेवला. आईच्या दुःखावर लेख लिहिणाऱ्यांना हा फोटो पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून काढता आला असता.

छायाचित्राची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, आणि लेखकांनी नाईनच्या विधवेच्या विश्वासाचे वचन कोणते ते याच पानावर सांगावे. हे पत्र कापून छापायचे असेल तर वाटेल ते कापा, लूकचा भाग कापू नका. बहिणीच्या घरची गोष्ट असल्याने माझे नाव देऊ नये.

आपली,
एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक