उपग्रहाच्या फोटोत आमचा ऊस कोरडा होता

संपादक महोदय,

परवाच्या अंकात उपग्रहाचे फोटो आणि आपत्तीतली मदत यावरचा लेख दोनदा वाचला. रात्रीच लिहायला घेणार होतो, पण डोकं शांत नव्हतं म्हणून आज सकाळी लिहितोय.

आपत्तीत उपग्रहाचे फोटो वाटून घ्यायचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्या चार्टरचं कौतुक केलंय ते रास्तच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. 17 अवकाश संस्था, त्यात युरोप, अमेरिका, जपान, चीनसुद्धा, आणि आपली इस्रो 2001 पासून, आणि कुठंही पूर आला भूकंप झाला की एकमेकांना फुकट फोटो देतात ही मोठीच गोष्ट आहे. 7 फेब्रुवारी 2021 ला उत्तराखंडात चमोलीत पाण्याचा लोंढा आला तेव्हा पहिल्या दिवशी जो तो हिमतलाव फुटला म्हणत होता, मग उपग्रहाचे फोटो बघून कळलं की रोंती शिखरावरून खडक आणि बर्फाचा अख्खा कडाच सुटून खाली आलाय. हे जगभरच्या लोकांनी फोटो वाटून घेतले म्हणूनच इतक्या लवकर कळलं. हे सगळं मान्य. पण "उपग्रहाचा फोटो खोटं बोलत नाही" हे वाक्य तुम्ही चौकटीत मोठ्या अक्षरात छापलंत, आणि तिथंच मला राहवलं नाही.

मी शिरोळ तालुक्यातला, कृष्णाकाठचा. 2019 चा ऑगस्ट आमच्याकडं कुणाला सांगावा लागत नाही. तिकडं कोल्हापुरात पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर गेलं, हायवे बंद, आणि आम्ही गाव सोडून माळावरच्या शाळेत. माझा पुतण्या तेव्हा नेदरलँड्सला शिकायला होता, हाच विषय, उपग्रहाच्या फोटोंचा. युरोपचा सेंटिनेल-1 म्हणून रडारवाला उपग्रह आहे, त्याचे फोटो कुणालाही फुकट मिळतात आणि रडार असल्यामुळं ढगातूनही दिसतं, नाहीतर त्या आठ दिवसांत आमच्यावरच्या आभाळातून साध्या कॅमेऱ्याला काय दिसणार होतं. तो रोज रात्री फोन करायचा, रेंज मिळाली तर. एकदा म्हणाला, "काका, गाव आणि रस्ता काळा दिसतोय म्हणजे पाणी आहे, पण तुमचा मळीचा ऊस पांढुरका दिसतोय, तिथं पाणी नाही वाटतं."

मळी म्हणजे आमचं नदीकाठचं गाळाचं रान. मी त्याच दिवशी दुपारी त्या उसाच्या कडेनं नावेतून आलो होतो. जनावरांचं बघायला गेलो होतो. आडसाली ऊस, तेरा महिन्यांचा, बारा फुटी, त्याचे फक्त शेंडे पाण्याच्या वर होते आणि नाव जाताना पानं हाताला कापत होती. मोटारीच्या खोलीचा नुसता पत्रा दिसत होता. आणि पोरगं सातासमुद्रापलीकडून सांगतंय की तिथं कोरडं आहे!

पण पोरगं प्रामाणिक. दोन दिवसांनी त्याच्या सरांना विचारून परत फोन केला. रडार सपाट पाण्यावर पडलं की पलीकडं निघून जातं, परत येत नाही म्हणून पाणी काळं दिसतं, पण सेंटिनेलची लहर जेमतेम साडेपाच सेंटिमीटरची, ती उसाच्या पानांवरच आपटून परत येते, खालचं पाणी तिला दिसतच नाही. म्हणजे फोटो खरा होता पण तो पानांचा होता, पाण्याचा नव्हता. हे आपण नीट वाचलं नाही म्हणून त्याला वाईट वाटलं, माफी मागितली. आता कृष्णाकाठाला उसाशिवाय काय आहे? अख्खा पट्टा उसाचा. मग तसल्या फोटोवरनं काढलेल्या नकाशात किती पाणी दिसलंच नसेल याचा विचार करा.

पुढचं ऐका. पाणी उतरल्यावर पंचनाम्याला साहेब आले, त्यांच्या हातात रंगीत नकाशा. कुठल्या ऑफिसचे ते मी लिहीत नाही. माझा गट नंबर बघितला आणि म्हणाले तुमचा हा गट पूररेषेच्या बाहेर आहे. मी सगळं समजावून सांगितलं, रडारचं, पानांचं. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत, गाळ बसून शेंडे कुजले होते, जे वाचलं त्याला पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटल्या होत्या, मोटारीच्या खोलीच्या भिंतीला चिखलाची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. दोनशे मीटर चालायचं होतं फक्त. "नकाशा वरून आलाय, मी बदलू शकत नाही," म्हणाले आणि रस्त्यावरून, जिथनं ऊस हिरवा दिसत होता, तिथनंच गेले. 52 गुंठे कोरडे म्हणून लागले. त्याचा एक रुपया आला नाही, आणि खरं सांगायचं तर रुपयापेक्षा मला ते "कोरडे" जास्त लागलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की देशादेशांत फोटो फुकट फिरतात, 2012 पासून तर चार्टरचा सदस्य नसलेल्या देशालाही मागता येतात, आपल्याकडं हैदराबादला इस्रोच्या एनआरएससी केंद्रात नकाशे बनतात, इथपर्यंत सगळं झालंय. पण तो नकाशा गावात आल्यावर तो बरोबर आहे का हे गावाला कुणी विचारत नाही. तलाठ्यानं, ग्रामसेवकानं, शाळेच्या मास्तरांनी दहा ठिकाणची खूण, तारीख आणि पाण्याची उंची मोबाईलवरून पाठवली असती तर माझ्या मळीचा पांढुरका रंग कुणाच्याही ध्यानात आला असता. आता 30 जुलै 2025 ला निसार उपग्रह गेलाय, नासा आणि इस्रो दोघांचा मिळून, त्यात एल बँड म्हणजे लांब लहरीचं रडार आहे, त्याची लहर चोवीस सेंटिमीटरची, पुतण्या म्हणतो ती पानांतून खाली उतरते आणि झाडाखालचं पाणी उजळ दिसतं. मला फार आशा आहे त्याची. पण उसात ते कसं दिसतं हे पुराच्या वेळी उसात जाऊन कुणीतरी ताडून बघायला पाहिजे ना, आणि ते काम आमच्याशिवाय कोण करणार?

आणखी एक, लिहिणार नव्हतो पण लिहितोच. लेखासोबत तुम्ही पुराच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो छापलेत, दोन्हीवर तारीख नाही, वेळ नाही, कुठल्या उपग्रहाचा ते नाही. पुतण्या मला फोनवर कुठलाही फोटो सांगताना आधी म्हणायचा, "काका, हा परवाचा आहे हं." पूर तासातासाला चढतो, तिथं परवाचा फोटो आजचा समजून कुणी रस्ता धरला तर काय होईल? एवढ्या मोठ्या पेपरानं तारीख छापायला हवी होती. पुढच्या वेळी तेवढी छापा.

मोटारीच्या खोलीच्या भिंतीवरची 2019 ची रेघ मी ऑइल पेंटनं पक्की केलीय, शेजारी तारीख लिहिलीय, तिच्यासोबत 2021 च्या पुराचीही आहे. नकाशे बनवणाऱ्या कुणालाही मोजायला यायचं असेल तर जरूर या, किल्ली माझ्याकडेच असते.

आपला जुना वाचक,
एक ऊस उत्पादक शेतकरी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर