‘मला काही येत नाही’ हे वाक्य कोण शिकवते?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतरच्या आपल्या पुरवणीत रांगोळी, पाककृती आणि हस्तकला स्पर्धांचे निकाल वाचले. विजेत्यांचे कौतुक आहेच. परंतु ते पान पाहून माझ्या शेजारी बसलेल्या, माझ्याच वयाच्या दोन मैत्रिणी ‘आपल्याला बाई असलं काही येत नाही’ असे म्हणून उठल्या, ते मनाला लागून राहिले. त्यांपैकी एकीच्या कुरडया आमची अर्धी गल्ली हक्काने मागून नेते आणि दुसरी रोज सकाळी ठिपके न मांडता मोकळ्या हाताने अंगणभर वेल काढते. आपल्याला ‘येत नाही’ असे त्यांना कधीपासून वाटू लागले असेल, आणि मलाही चाळीस वर्षांहून अधिक काळ तसेच का वाटत राहिले, याविषयी लिहिण्याची परवानगी असावी.

मी परभणी जिल्ह्यातली. सातवीत असताना चित्रकलेच्या तासाला मी पोळ्याचा बैल काढला होता. आमच्या घरच्या बैलाचे एक शिंग खाली वळलेले होते, म्हणून चित्रातही ते तसेच काढले. शिक्षकांनी वही वर्गासमोर उंच धरली आणि ‘हा बैल आहे की वाट चुकलेली शेळी?’ असे विचारले. वर्ग हसला. त्यानंतर मी चित्र म्हणून काही काढले नाही. माझ्या लग्नात रुखवतावर मांडायच्या वस्तू बहिणीने केल्या. पुढे नोकरीत कार्यालयाच्या फळ्यावर सुविचार लिहिण्याची पाळी आली की मी खडू दुसऱ्याच्या हाती देत असे. त्या शिक्षकांवर आज माझा राग नाही, कारण ते वाक्य ते तासाभरात विसरलेही असतील. मुलाच्या मनात मात्र असे वाक्य घर करते.

माझी मुलगी शिक्षिका आहे. तिच्याकडून कळले की रोनाल्ड बेगेटो या अमेरिकेतील शैक्षणिक मानसशास्त्राच्या अभ्यासकाने नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास केला आहे: एखाद्या अनुभवाने ओशाळलेला माणूस आवडते काम कायमचे कसे सोडून देतो, आणि लाजेच्या जोडीला ‘आता यात आपल्याकडून सुधारणा होणेच नाही’ ही समजूत आली की ते सोडणे कसे पक्के होते. हे ऐकले तेव्हा मला बरे वाटले, कारण माझ्या मनातल्या या गोष्टीला कुणी अभ्यासाचा विषय मानले होते. परंतु माझे खरे औषध मला वेगळ्याच ठिकाणी सापडले.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्यांच्या ट्रंकेत इरकली लुगडी निघाली, त्यांतली दोन तर दंड घातलेली, म्हणजे विरलेला भाग काढून जोडून शिवलेली. ती टाकून देववेना आणि बोहारणीला देण्याचे मन होईना, म्हणून त्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायचे ठरवले. आई वाकळा शिवायची तेव्हा मी तिच्या सुईत दोरा ओवून देत असे, एवढीच माझी तयारी होती. गच्चीवर जुनी चादर अंथरून तिच्यावर लुगड्यांचे चार थर टाकले, कच्च्या टाक्यांनी ते बसवून घेतले आणि काठाकडून मध्याकडे धावदोरा घालत निघाले. पहिली ओळ वाकडी गेली, ती उसवली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा घातली, पुन्हा उसवली. तिसऱ्या दिवशी पाहते तो जुन्या कापडाला सुईची भोके पडून तिथला धागा विरू लागला होता, आणि मोबाईलवर पाहिलेल्या सुबक गोधड्या डोळ्यांसमोरून हटत नव्हत्या. शेजारी राहणाऱ्या, मूळच्या गंगाखेडकडच्या आजी शेवया वाळत घालायला गच्चीवर आल्या होत्या. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “उसवू नको माय. पांघरल्यावर टाके कोण मोजतंय?”

त्या एका वाक्याने माझ्या मनातली शंका गेली, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी सुई घेऊन बसले तेव्हा ती होतीच. फरक एवढाच झाला की मी उसवायचे थांबवले, आणि हात पुढे चालू राहिल्यामुळे आठवड्याभरात टाक्याला त्याची स्वतःची लांबी सापडली, साधारण जोंधळ्याच्या दाण्याएवढी. जिथे कापड विरले होते तिथे ठिगळ लावणे भागच होते. यजमानांच्या जुन्या धोतराचा तुकडा घेतला आणि कात्री चालवता चालवता त्याचा बैल कापला गेला, एक शिंग खाली वळलेला. तो मी 49 वर्षांनी पुन्हा काढला, आणि या वेळी तो कुणाला दाखवून विचारावे असे मला वाटले नाही. वाकळ पुरी व्हायला दोन महिने लागले. पुढच्या पोळ्याला मी मातीचे बैलही घरीच केले.

आजींचे वाक्य मला महत्त्वाचे वाटते ते एवढ्यासाठी की आपल्या आयाबायांची सगळी कला टाके न मोजणाऱ्या माणसांत वाढली. संत जनाबाई आमच्या गंगाखेडच्या. त्यांचे अभंग दळणकांडणाच्या रहाटगाडग्यातच फुलले. अलीकडचे पाहायचे तर हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्या रचणाऱ्या, गाणाऱ्या बायका बहुतेक शेतातून राबून आलेल्या होत्या. पहाटे अंधारात, पीठ पडत असताना, ओवीत एखादा शब्द कमी पडला तर पुढच्या घासाला तो भरून निघत असे. तू कवी आहेस काय, असे त्यांना कुणी विचारत नव्हते, म्हणून तर एक लाख ओव्या झाल्या. हा प्रश्न मध्ये येतो तेव्हा हात थबकतो, असे माझे मत आहे. गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले, हे तर खरेच. पण जात्यासोबत गुण न देता ऐकून घेणारी ती जागाही गेली, याची दखल आपण फारशी घेतली नाही.

तिच्या जागी आता सर्वत्र स्पर्धा आली आहे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला गणिताचा जादा तास होतो, आणि चित्रकलेची ओळख मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या श्रेणीमधून आणि दहावीच्या वाढीव गुणांमधून होते. त्या परीक्षा असू द्याव्यात, ज्यांना त्या वाटेने जायचे त्यांना त्यांचा उपयोगही होतो. परंतु वर्गातली जी बहुसंख्य मुले त्या वाटेने जाणार नाहीत, त्यांनी बैल काढायचाच नाही काय?

यासाठी दोन विनंत्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 खाली मान्यता आणि अनुदान मिळणारी ग्रंथालये मराठवाड्यातल्या लहान गावांतही आहेत, ड म्हणजे सगळ्यांत खालच्या वर्गाची का होईना. त्यांच्या चालकांनी आठवड्यातून एक दुपार वाचनकक्ष येईल त्याच्यासाठी मोकळा ठेवावा. कुणी वाकळ घेऊन यावे, कुणी ओवी म्हणावी, कुणी नुसते बसून पाहावे. तिथे परीक्षक, क्रमांक, प्रमाणपत्र आणि पाहुण्यांचे भाषण यांपैकी काहीही नसावे. खर्च एका सतरंजीचा आणि चहाचा आहे, आणि आमच्या गल्लीतल्या आम्ही सहाजणी तो उचलायला तयार आहोत.

दुसरी विनंती आपल्याला. पुरवणीतला एक कोपरा वाचकांनी हाताने केलेल्या वस्तूंना द्यावा आणि त्यात पहिला, दुसरा, तिसरा असे काही लिहू नये. वस्तू कुणी केली, कशापासून केली आणि आता ती घरात कोण वापरते, एवढेच छापावे. माझ्या त्या दोन मैत्रिणींपैकी एकीने तिच्या वेलीचा फोटो काढू दिला आहे. दुसरी अजून ‘कुरडयांचा कसला फोटो’ असे म्हणते आहे. तिला मी उन्हाळ्यापर्यंत तयार करते.

आपली नम्र,
एक निवृत्त लिपिक,
परभणी